चोवीस काड्या, दोन ताव : घरच्या आकाशकंदिलाचा हिशेब

दिवाळीच्या पंधरवडाभर आधी नाशिकच्या मेनरोडवरून रविवार कारंजाकडे चालत गेले की दुतर्फा आकाशकंदिलांचे घोस टांगलेले दिसतात. कापडी, प्लास्टिकचे, घडीचे, लाकडी पट्ट्यांचे, काही थेट दूरच्या कारखान्यांतून खोक्यात मिटून आलेले. या गर्दीत एका कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा कंदील लटकत असतो. त्याच्यावर ‘पारंपरिक’ अशी चिठ्ठी असते आणि त्याचा भाव शेजारच्या प्लास्टिकच्या कंदिलापेक्षा बहुधा चढाच असतो.

ही उलटापालट विचार करायला लावणारी आहे. विकतचा परवडत नाही म्हणून जी वस्तू घरोघरी केली जात होती, तीच आज हौसेची, थोडी महागडी वस्तू होऊन बसली आहे. ज्याला खर्च कमी करायचा आहे तो प्लास्टिककडे वळतो आणि ज्याच्याकडे चार पैसे जास्त आहेत तो कागदाचा कंदील घेतो. असे का झाले? घरचा कंदील खरोखरच स्वस्त पडत होता का, आणि पडत असेल तर कशामुळे? गेली काही वर्षे मी या प्रश्नाच्या मागे आहे. भाव दर वर्षी बदलतात, म्हणून या लेखात मी रुपयांऐवजी काड्या, ताव, इंच आणि संध्याकाळी यांत हिशेब मांडणार आहे. तो हिशेब जुना होत नाही.

नावातली सरमिसळ

‘आकाशकंदील’ हा शब्दच दोन घरांतून आला आहे. ‘आकाश’ संस्कृत, तर ‘कंदील’ अरबी ‘किंदील’वरून आलेला. त्या अरबी शब्दाचे मूळ आणखी मागे, मेणबत्तीसाठी असलेल्या लॅटिन शब्दापर्यंत जाते. ‘कागद’ फारसीतून आला. ‘बांबू’ हा शब्द युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडून आला, आपले जुने शब्द ‘वेळू’ आणि ‘कळक’. कंदील बांधायच्या आधीच त्याच्या नावात आणि सामानात इतक्या भाषा एकत्र आलेल्या आहेत.

कल्पना मात्र जुनी आहे. सतराव्या शतकातील ‘निर्णयसिंधु’ आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरात लिहिला गेलेला ‘धर्मसिंधु’ या दोन्ही ग्रंथांत कार्तिकातील आकाशदीपाचा विधी सांगितला आहे. उंच खांब रोवून त्यावर दिवा टांगायचा, असा तो विधी. तिथे भर आहे तो उंचीवर आणि तेलावर. दिव्याभोवतीचे रंगीत आवरण ही नंतरची, वाऱ्यापासून ज्योत वाचवण्याच्या गरजेतून आणि मग हौसेतून वाढलेली गोष्ट. विधीचा खांब गच्चीवर किंवा अंगणात उभा राही. आजचा कंदील गॅलरीच्या गजाला लटकतो. तरी कंदील शक्य तितक्या उंच लावायचा, ही सवय त्या खांबापासूनच चालत आली आहे.

कामटी, कागद, खळ

घरच्या कंदिलाला तीनच जिन्नस लागतात. या तिघांचे स्वभाव कळले की पुढचे सगळे सोपे होते.

पहिली कामटी. बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने सरळ धावतात, त्यामुळे सुरीचे टोक घुसवून हलके पिळले की तो स्वतःच्या रेषेत चिरत जातो. करवतीची गरज नाही. हिरव्या सालीकडचा भाग सर्वांत चिवट, आतला गाभ्याकडचा भाग भुसभुशीत. म्हणून चांगली कामटी साल राखून काढलेली असते आणि वाकवताना साल बाहेरच्या अंगाला ठेवतात. बांबूत पिठूळ अंश असतो. त्याला भुंगेरे लागतात आणि वर्षभरात काडीतून पिवळी भुकटी गळू लागते. हे टाळण्यासाठी बांबू वाहत्या किंवा बदलत्या पाण्यात काही दिवस भिजत ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यात तो पिठूळ अंश बराचसा धुऊन जातो.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पावसाळी तालुक्यांत बांबू होतो, आणि शहरात तो कामटीच्या रूपाने पोचत असे बुरुडांच्या हातून. सूप, टोपली, करंडी, डालगे, झाप हे त्यांचे वर्षभराचे काम. कंदिलाच्या कामट्या हा दिवाळीतला जोडधंदा. टोपली विणताना उरलेल्या लांबीतूनच त्या निघत, म्हणून त्या जवळजवळ फुकटच्या भावात मिळत. पुढे भाजीबाजारात बांबूच्या पाट्यांची जागा प्लास्टिकच्या क्रेटने घेतली. टोपल्यांची मागणी गेली आणि तिच्याबरोबर उरलेल्या कामट्याही गेल्या. कंदील विकत घेण्याचे एक मोठे कारण इथे, बुरुडाच्या ओट्यावर आहे. आपण ते उगाच आळसात शोधतो.

कायद्याचाही यात वाटा होता. भारतीय वन कायद्यात बांबू हा ‘वृक्ष’ या व्याख्येत बसवलेला होता, त्यामुळे तो तोडणे आणि वाहून नेणे यांवर परवान्यांची बंधने होती. २०१७ साली वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून काढण्यात आला. शास्त्रज्ञांच्या लेखी तो आधीपासून गवतच होता.

दुसरा जिन्नस कागद. पतंगी कागदाची एक बाजू चकचकीत आणि दुसरी खरखरीत असते, कारण तयार होताना त्याची एकच बाजू तापलेल्या गुळगुळीत रुळाला चिकटून वाळते. खळ खरखरीत बाजूला लावायची, चकाकी बाहेर ठेवायची. ‘घोटीव कागद’ हा आपला शब्द याहून जुन्या काळातला आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा, जुन्नर, पुण्याचा कागदीपुरा या ठिकाणी हातकागद तयार होई. तो वाळल्यावर त्याला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे शाई फुटत नसे. पुण्यात १९४० साली के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून हातकागद संस्था उभी राहिली, ती याच मोडत चाललेल्या हुन्नराला सावरण्यासाठी.

आपण ज्याला ‘जिलेटिनचा कागद’ म्हणतो त्यात जिलेटिन नसते. तो सेलोफेन, म्हणजे लाकडातल्या तंतुद्रव्यापासून केलेला पारदर्शक पापुद्रा. ब्रँडनबर्गर नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी तो शोधला. कंदिलाला तो झगमगाट देतो, पण त्यातून दिवा उघडाच दिसतो. पतंगी कागद उजेड पसरवतो आणि दिवा लपवतो. कागदाच्या कंदिलाचा संपूर्ण पृष्ठभाग तेवल्यासारखा दिसतो तो यामुळे.

तिसरा जिन्नस खळ. गव्हाचे पीठ किंवा मैदा थंड पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचे. कच्चे पीठ चिकटत नाही. पाणी साठ अंशांच्या पुढे तापले की पिठातले स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि पांढुरके मिश्रण एकाएकी अर्धपारदर्शक, चिकट होते. तो बदल डोळ्यांना दिसतो; दिसला की भांडे उतरवायचे. पुस्तकबांधणीवाले त्यात मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे. मुले हाताशी असताना ते घालू नये; लागेल तेवढी ताजी खळ रोज करावी, हे बरे.

खळीचा सर्वांत मोठा गुण आपण विसरलो आहोत. ती पाण्याने सुटते. बाजारातला पांढरा कृत्रिम गोंद एकदा वाळला की काडीवर त्याचा पापुद्रा बसतो, तो खरवडावा लागतो आणि खरवडताना कामटीची साल निघते. खळीवर ओले फडके दोन मिनिटे ठेवले की जुना कागद अलगद निघून येतो. जुनी हस्तलिखिते दुरुस्त करणारे जाणकार आजही गव्हाच्या स्टार्चची खळ पसंत करतात ती याच कारणासाठी: उद्या कोणाला ती जोडणी उलगडायची असेल तर उलगडता यावी. कंदिलाच्या काटकसरीचे मर्म या एका गुणात आहे. त्याकडे पुढे परत येऊ.

चोवीस काड्यांची भूमिती

महाराष्ट्रात घरोघरी केल्या जाणाऱ्या कंदिलांचे आकार पुष्कळ. त्यांतला सर्वांत ओळखीचा असा: मधल्या पट्ट्यात चार चौकोन टोकावर उभे, म्हणजे शंकरपाळ्यासारखे; वर एक चौकोन आडवा, खाली एक आडवा. एकूण सहा चौकोन, प्रत्येकी चार काड्या, म्हणजे २४ काड्या. चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की १२ गाठी पडतात आणि त्यांच्या मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्रिकोणांसाठी एकही जादा काडी लागत नाही.

ही घनाकृती ग्रीक गणिती आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेरा घनाकृतींपैकी एक. केप्लरने १६१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या तेराही आकृतींचे वर्णन केले. ओसरीवर बसून कामट्या बांधणाऱ्या आजोबांना यांपैकी कोणाचे नावही ठाऊक नसेल, पण या आकृतीचा एक दुर्मीळ गुण त्यांच्या उपयोगी पडत होता. तिच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक कोपऱ्याचे अंतर बरोबर एका काडीइतके असते. काडी एक वीत घेतली, तर मधोमध टांगलेल्या दिव्यापासून बाराही कोपरे एकेक वीत दूर.

आता कोणीही अनुभवलेली एक गोष्ट. नुसता सांगाडा बांधून झाला की तो डुगडुगतो. हातात धरून हलके पिळले तर चौकोन तिरके होऊन सगळे प्रकरण आत मिटू पाहते. मुले रडकुंडीला येतात, मोठी माणसे गाठी आवळतात, पण गाठींचा दोष नसतो. त्रिकोण तीन काड्यांत ताठ राहतो, चौकोन मात्र दाबला की शंकरपाळा होतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६४ साली सांगाड्यांच्या ताठपणाचा नियम मांडला. सैल गाठींच्या त्रिमितीय सांगाड्याला ताठ राहायचे असेल, तर कोपऱ्यांच्या तिप्पट संख्येतून सहा वजा करून येईल तितक्या काड्या किमान लागतात. आपले कोपरे १२. तिप्पट ३६, वजा सहा, म्हणजे ३०. आपल्याकडे आहेत २४. सहा काड्या कमी. आणि चौकोनही सहाच. प्रत्येक चौकोनात एक कर्णाची काडी टाकली तर सांगाडा ताठ होतो.

पण घरच्या कंदिलात कोणी सहा कर्ण टाकत नाही. वरच्या चौकोनात एक काडी तिरपी बांधतात, दोरी आणि दिवा टांगण्यासाठी. उरलेल्या पाच चौकोनांचे काम कागद करतो. खळीने ओला झालेला कागद थोडा ताणला जातो, वाळताना आकसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा तणाणतो. ताणलेला कागद चौकोनाला तिरके होऊ देत नाही. म्हणून कागद लागण्याआधी डुगडुगणारा सांगाडा सकाळी उठून पाहावे तर ताठ उभा असतो. सजावटीसाठी लावलेला कागदच सगळा डोलारा धरून असतो. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन रचनाकाराने १९४८ च्या सुमारास हीच आकृती सैल सांध्यांची करून ती कशी पिळत मिटते याची प्रात्यक्षिके दाखवली आणि ती जगभर नावाजली गेली. आपल्याकडे ते प्रात्यक्षिक दर दिवाळीत होत असे.

दोन तावांचा हिशेब

पतंगी कागदाचा सर्रास मिळणारा ताव साधारण २० बाय ३० इंचांचा असतो. काडी नऊ इंचांची, म्हणजे एक वीत धरू. कागद काडीवरून आत मुडपण्यासाठी चारही बाजूंनी अर्धा इंच जास्त लागतो, म्हणून चौकोनाचा तुकडा १० बाय १० इंचांचा. एका तावातून असे बरोबर सहा तुकडे निघतात. कपटाही उरत नाही.

त्रिकोणांचे पाहू. नऊ इंची बाजूच्या त्रिकोणाला भोवताली अर्धा इंच मुडप धरली, तर तुकड्याची बाजू पावणेअकरा इंच आणि उंची साधारण सव्वानऊ ते साडेनऊ इंच भरते. दुसऱ्या तावाच्या लांबीत दोन पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात एक सुलटा, एक उलटा असे चार त्रिकोण बसवायचे. दोन पट्ट्यांत आठ. आपल्याला हवे होते तेवढेच.

म्हणजे चौकोनांना एका रंगाचा एक ताव, त्रिकोणांना दुसऱ्या रंगाचा एक ताव. कामट्या २४ गुणिले नऊ इंच, म्हणजे १८ फूट. वरच्या कर्णाची फूटभर काडी वेगळी. वरचा चौकोन उघडाच ठेवायचा असतो, कारण तिथून दिव्याची ऊब बाहेर जाते. त्याचा वाचलेला तुकडा दुमडून, कात्रीने नक्षी पाडून कडेला झालर म्हणून लावता येतो. खालच्या चौकोनाच्या मधोमध वाटीएवढे भोक ठेवायचे. शेपट्यांसाठी तिसरा ताव घ्यावा. चौथाईभर उरतो, तो पुढच्या वर्षी फाटलेल्या जागी ठिगळाला.

ज्या घरात कामट्या मिळत नसत तिथे खराट्याचे हीर वापरत. हीर जास्त लवचिक, म्हणून काडी वीतभराऐवजी पाच-सहा इंचांची घ्यावी. कामटीही नाही आणि हीरही नाही, अशा घरात जुन्या लग्नपत्रिका असतात. जाड पत्रिका लांबीत दुमडून, दुमडीकडून समांतर कापे देऊन, उलगडून गोल गुंडाळली की पिंपाच्या आकाराचा छोटा कंदील होतो. बहुतेक मुलांचा पहिला कंदील हाच. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशींनंतर शाळांत ‘कार्यानुभव’ हा विषय आला, आणि सहामाही परीक्षेच्या आसपास या कंदिलांनी वर्गाच्या दोऱ्या भरून जात.

उजेड आणि ऊब

कागदाच्या कंदिलावरचा सर्वांत रास्त आक्षेप आगीचा. तो भूमितीनेच तपासता येतो. या आकृतीत मध्यबिंदूपासून चौकोनी कागदाचे अंतर काडीच्या सात दशांशाहून किंचित जास्त असते आणि त्रिकोणी कागदाचे आठ दशांशाहून थोडे जास्त. नऊ इंची काडी घेतली तर सर्वांत जवळचा कागद दिव्यापासून सव्वासहा इंचांहून थोडा दूर. दिवा नेमका मधोमध टांगला असेल तरच हे अंतर मिळते. तार ढिली पडून दिवा एका अंगाला टेकला की सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून वायर वरच्या कर्णाच्या काडीला दोन ठिकाणी बांधायची.

तारेचा जुना दिवा खाल्लेल्या विजेचा बहुतांश भाग ऊब म्हणून फेकून देतो. साठ वॉटचा असा दिवा लहान कंदिलात धोकादायकच होता. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि एलईडी दिवे घरोघरी पोचले. सात-नऊ वॉटच्या एलईडीत तितकाच उजेड मिळतो आणि ऊब फारच कमी. कागदाचा कंदील आज जितका सुरक्षित आहे तितका पूर्वी कधीच नव्हता. नेमक्या याच काळात तो घरातून गेला, हा योगायोग चटका लावणारा आहे.

दिवा बदलल्याने रंगांचे गणितही बदलले. तारेच्या दिव्याच्या उजेडात निळा भाग कमी, म्हणून जुन्या लोकांनी निळा ताव टाळला. पिवळा, केशरी, गुलाबी हे रंग त्या उजेडात खुलत. पांढऱ्या एलईडीत निळा आणि हिरवाही उठून दिसतो. जुन्या पद्धतीचे रंग ठेवायचे असतील तर पिवळसर झाकीचा एलईडी घ्यावा.

एकच हुन्नर, अनेक सण

नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटरवरचे येवले पैठणीसाठी सर्वांना ठाऊक आहे. संक्रांतीला तेच गाव पतंगांसाठी ओळखले जाते. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात, आणि मांजा गुंडाळायची बांबूची आसारी ही तिथली खास वस्तू. पतंगात एक उभी काडी, एक कमान, एक कागद आणि खळ. कंदिलातले तेच जिन्नस, फक्त एक आकृती वाऱ्यासाठी आणि दुसरी उजेडासाठी.

मोहरमचे ताबूत पाहा. कामट्यांचा मनोरा, रंगीत कागद, बेगड आणि कातरकाम. नाताळात ख्रिस्ती घरांवर चढणारा तारा पाहा. पाच काड्यांची सपाट चांदणी, तशीच दुसरी. दोन्हींची टोके बांधून मधल्या पाच छेदांत पाच आखूड काड्या अडकवल्या की दोन चांदण्या फुगून घन तारा होतो. एकूण १५ काड्या. फिलिपिन्समध्ये नाताळातल्या अशाच बांबू-कागदाच्या ताऱ्याला ‘पारोल’ म्हणतात. तो शब्द कंदिलासाठी असलेल्या स्पॅनिश शब्दावरून आला. गोव्यात दिवाळीचा आकाशकंदील आणि नाताळचा तारा दीड-दोन महिन्यांच्या अंतराने लागतात, आणि दोन्ही सांगाड्यांना सामान एकच लागते.

म्हणजे बुरुडाच्या ओट्यावरून निघालेली कामटी वर्षभरात अनेक धर्मांच्या सणांत फिरत होती. हा सलोख्याचा गोडवा म्हणून सांगत नाही. त्यामागे साधा व्यवहार आहे. एकाच सणावर कोणाही कारागिराचे पोट भरत नाही. एक सण प्लास्टिकने बळकावला की दुसऱ्या सणासाठी लागणारा कारागीरही कमकुवत होतो. दिवाळीचा कंदील कारखान्यात गेला त्याचा फटका संक्रांतीच्या पतंगाला आणि ताबुताच्या कामटीलाही बसतो.

स्वस्त आणि काटकसर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरचा कंदील स्वस्त पडत होता का?

एका वर्षाचा हिशेब केला आणि दोन संध्याकाळींची मेहनत धरली, तर नाही. १९ फूट कामट्या, तीन ताव, मूठभर मैदा, दोरा आणि दोन माणसांच्या दोन संध्याकाळी यांच्यापुढे कारखान्यातला कंदील स्वस्त आहे. घरची मेहनत आपण शून्य धरत आलो. ती बहुतेक वेळा आईची, आजीची आणि मुलांची होती, म्हणून शून्य धरणे सोपे गेले. बाजारातल्या हाती केलेल्या कंदिलाच्या मागेही नगावर मजुरी घेऊन रात्री जागणाऱ्या बाया असतात. ‘हाताने केलेले’ या चिठ्ठीच्या भावातला किती हिस्सा त्या हातापर्यंत पोचतो, हे विचारल्याशिवाय पारंपरिक कंदील घेतल्याचे समाधान पुरे होत नाही.

दहा वर्षांचा हिशेब मात्र वेगळा येतो. सांगाडा एकदा बांधायचा. देवदिवाळी झाली की ओल्या फडक्याने कागद उतरवायचा, काड्या पुसून सावलीत वाळवायच्या आणि सांगाडा माळ्यावर टाकायचा. पुढच्या वर्षी लागतो तो फक्त कागद आणि मैदा. दोन संध्याकाळींची एक होते. दहा वर्षांत एक सांगाडा आणि वीस-पंचवीस ताव. हे शक्य होते कारण खळ सुटते. गोंद बदलला आणि सांगाडा दर वर्षी फेकायची वस्तू झाला. काटकसरीचा कणा एका चिकटपट्टीच्या सोयीत मोडला, आणि तो मोडल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

स्वस्त वस्तू आणि काटकसर यांत फरक आहे तो इथे. स्वस्त वस्तू आज कमी पैसे मागते आणि उरलेली किंमत दुसऱ्या कोणाकडून वसूल करते: मजुराकडून, गटारात अडकलेल्या चमकीकडून, गोदाकाठच्या कचऱ्याकडून. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीतल्या थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हा अनेक घरांत मखर कशाचे करायचे हा प्रश्न उभा राहिला. पुठ्ठा, कापड आणि कामटी हे उत्तर जुनेच होते. ते हातातून सुटलेले असल्याने नवे वाटले. काटकसर म्हणजे वस्तूचा स्वभाव ओळखून तिला शेवटपर्यंत वापरणे. त्यासाठी थोडे ज्ञान लागते, आणि ते ज्ञान एका पिढीने वापरले नाही तर पुढच्या पिढीला कुठे विकत मिळत नाही.

माळा हा या हिशेबातला आणखी एक हरवलेला जिन्नस. नाशिकच्या जुन्या वाड्यांत सांगाड्याला जागा होती. दोन खोल्यांच्या सदनिकेत ती नाही. यावर एक तोडगा आहे. चौकोनांच्या आपल्या गाठी पक्क्या ठेवायच्या आणि चौकोनाला चौकोन जोडणाऱ्या बारा गाठी फक्त सरफास्याच्या मारायच्या. दिवाळीनंतर त्या सोडल्या की सहा सपाट चौकोन एकावर एक रचून कपाटामागे उभे राहतात. जाडी दोन बोटांची.

नोंद ठेवण्याविषयी

संग्रहालयांत पितळेच्या समया, लामणदिवे, दीपलक्ष्म्या पाहायला मिळतात. कागदाचा कंदील तिथे पोचेपर्यंत टिकत नाही. ज्या वस्तू दर वर्षी नव्याने होतात त्यांचा इतिहास त्यामुळेच लिहिला जात नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, त्या अंकाची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात आहे. त्या वर्षी त्याच्या वाचकांच्या दारात लटकलेल्या कंदिलांची नोंद कुठेच नाही. दिवाळीचे हे दोन्ही कागद. एक जपला गेला, दुसरा शेकोटीत गेला.

वाचकांनी यंदा एवढे करावे. घरात, गावाकडे, मामाच्या माळ्यावर जुना सांगाडा असेल तर टाकण्यापूर्वी त्याच्या काड्या मोजाव्यात, काडीची लांबी, गाठींची संख्या आणि आकार वहीत लिहावा, कोणी बांधला ते नाव लिहावे. त्या माणसाला अजून बोलता येत असेल तर कामटी कोणाकडून आणत, खळीत काय घालत आणि कंदील कोणत्या तिथीला उतरवत, हे तीन प्रश्न विचारावेत. आपल्या भागात बुरुडाचे घर असेल तर १९ फूट कामट्या त्यांच्याकडूनच घ्याव्यात आणि भाव त्यांनी सांगितलेला द्यावा. मैदा घरात असतोच.